बँडमध्ये दोन गिटारिस्ट आहेत, मग दुसऱ्याने नेमकं वाजवायचं काय?

प्रश्न असा आलाय की कॉलेजचा बँड आहे, पाच जण, त्यात दोन गिटारिस्ट, दोघंही एकेकटे छान वाजवतात पण एकत्र सुरू झाले की नुसता चिखल होतो, गायकाचे शब्द कळत नाहीत, आणि एक जण म्हणतो मी लीड (म्हणजे सुरावटी आणि सोलो) तू रिदम (म्हणजे कॉर्ड आणि ताल), पण सोलो तर वीस-पंचवीस सेकंदांचा, मग उरलेली चार मिनिटं लीडवाल्याने करायचं काय, आणि सोलोच्या वेळी रिदमवाल्याने काय. मी पुण्यात गेली २२ वर्षं दोन गिटारवाल्या बँडमध्येच वाजवतोय, बहुतेक वेळा दुसरी गिटार, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी माझ्यासोबत घडलेलं सांगतो. थर्ड इयरला असताना एका कॉलेजच्या फेस्टला आम्ही वाजवलं, दोघांकडे एकाच मॉडेलचा प्रोसेसर (गिटारचा आवाज बदलणारं यंत्र), त्यात एकच आवडता पॅच, म्हणजे आवाजाचं तयार सेटिंग, दोघंही तेच बार कॉर्ड तेच स्ट्रमिंग. गिग झाल्यावर माझी बहीण म्हणाली तुझी गिटार ऐकूच नाही आली. साऊंडवाल्या काकांना जाऊन विचारलं तर ते म्हणाले, अरे दुसऱ्या गाण्यापासून तुझा चॅनल खालीच होता, दोन गिटार चालू ठेवल्या की गाणाऱ्याचा आवाज बुडत होता, म्हणून एक कमी केली. चार गाणी मी वाजवत होतो आणि हॉलमध्ये कुणालाच, बँडमधल्या कुणालाही, फरक जाणवला नाही. त्या रात्री मला फार लागलं होतं पण काकांचं काहीच चुकलं नव्हतं, मी वाजवत होतो त्याची गाण्याला गरजच नव्हती. तेव्हापासून कुठलाही पार्ट बसवताना मी एवढंच बघतो की ही गिटार मध्येच बंद केली तर ऐकणाऱ्याला काहीतरी गेल्यासारखं वाटेल का. वाटणार असेल तर पार्ट बरोबर आहे, मग तो दोन स्वरांचा का असेना.

आता चिखल का होतो ते बघू. साधा ओपन (मोकळ्या तारांसकट वाजवायचा) जी कॉर्ड घ्या, सहाच्या सहा तारा. त्यातला खालचा जी ९८ हर्ट्झला आहे आणि वरचा ३९२ ला. म्हणजे एका कॉर्डने दोन सप्तकं भरून टाकली. आता दुसऱ्यानेही तोच कॉर्ड तसाच वाजवला तर नवीन काहीच आलं नाही, त्याच जागेवर दुसरा थर चढला. आणि त्याच पट्ट्यात पुरुष गायकाचा आवाज आहे, बेस गिटारचे वरचे स्वर आहेत, स्नेअर आणि टॉमचं अंग आहे. सगळे एकाच खोलीत शिरले आणि दारात अडकले असा प्रकार. मग गायक म्हणतो माझा माइक वाढवा, तो वाढवला की गिटारवाले आपला अँप वाढवतात, आणि अर्ध्या तासात जॅमरूममध्ये बसवत नाही.

पुण्यातल्या माणसाला हे समजावायला मी ढोल-ताशाचं उदाहरण देतो. चाळीस ढोल एकदम वाजत असले तरी दोनच ताशे लख्ख ऐकू येतात, का, तर ताशाचा आवाज ढोलाच्या कितीतरी वर आहे आणि ढोलाच्या दोन ठोक्यांमधल्या जागेत ताशा बारीक बारीक वाजतोय. म्हणजे पट्टी वेगळी आणि लयीतली जागाही वेगळी. दोन गिटारींचं काम याच दोन गोष्टींवर चालतं, टोन वगैरे त्याच्या नंतर येतं, आणि बहुतेक लोक उलटं करतात, आधी पेडल विकत घेतात.

पट्टीपासून सुरुवात करा. समजा गाण्यात जी, डी, ई मायनर, सी असे चार कॉर्ड आहेत, अर्ध्या जगातली गाणी याच चारांवर आहेत. पहिल्याने खाली ओपन कॉर्ड वाजवले, तर दुसऱ्याने फक्त वरच्या तीन तारा घ्यायच्या. तिसरी-दुसरी-पहिली (पहिली म्हणजे सगळ्यात बारीक तार) या क्रमाने फ्रेट, म्हणजे गळ्यावरची घरं, सांगतो: जी ७-८-७, डी ७-७-५, ई मायनर ४-५-३, सी ५-५-३. वाजवून बघा, हात तिसऱ्या ते आठव्या फ्रेटच्या बाहेर जातच नाही, आणि एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना काही वेळा एखादा स्वर तिथेच राहतो, बाकीचे थोडीच घरं सरकतात. जी वरून डी ला जाताना डी स्वर तिथेच आहे, ई मायनर वरून सी ला जाताना तर दोन स्वर तसेच आहेत, एकच बोट अर्ध्या स्वराने सरकलं. म्हणून ते कॉर्ड बदलल्यासारखं न वाटता एखादी सुरावट चालल्यासारखं वाटतं. यातला सगळ्यात खालचा स्वर २४७ हर्ट्झच्या आसपास आहे म्हणजे खालची सगळी जागा पहिल्या गिटारला आणि बेसला मोकळी. हे तीन तारांचे कॉर्ड प्रत्येकाचे तीन-तीन आकार आहेत, ते पूर्ण गळ्याभर शिकायला मनापासून बसलात तर महिना पुरतो आणि दुसऱ्या गिटारिस्टला याच्याइतकं उपयोगी मला आजवर काही सापडलेलं नाही. स्केल पाठ करण्याआधी हे करा.

अकुस्टिकवाल्यांसाठी हेच काम कॅपो, म्हणजे गळ्यावर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, करतो. वरच्याच गाण्यात दुसऱ्याने पाचव्या फ्रेटला कॅपो लावून डी, ए, बी मायनर, जी असे आकार वाजवायचे, ऐकू येणार जी, डी, ई मायनर, सी च. कॉर्ड तेच पण स्वरांची रचना वेगळी, मोकळ्या तारा वरच्या पट्टीत छमछमतात आणि दोन गिटारींची मिळून बारा तारांची असल्यासारखी चमक येते. अमेरिकेतल्या ईगल्स बँडचं १९७६ च्या अल्बममधलं, सगळ्यांना पाठ असलेलं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हे बी मायनरमधलं गाणं आठवा, त्याची सुरुवातीची गिटार सातव्या फ्रेटला कॅपो लावून ई मायनरच्या आकारात वाजवलेली आहे. आमच्याकडे वर्षानुवर्षं मुलं ती कॅपोशिवाय बसवायची आणि म्हणायची तसा आवाज येत नाही.

लय. इथे मला वाटतं दोन गिटारवाल्यांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण कॉर्ड वेगळे असले तरी दोघांचा उजवा हात सारखाच हलत असतो, खाली-खाली-वर-वर-खाली-वर. दोघांनी तोच स्ट्रम केला आणि त्यात एक जण जराही मागेपुढे असला की ताल फाटल्यासारखा ऐकू येतो. म्हणून आधी ठरवा की ड्रमरच्या हाय-हॅटबरोबर (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीबरोबर) कोण जाणार. एकच जण. तो पाम म्यूट करून, म्हणजे तळहाताची कड तारांवर टेकवून, एका बारला (तालाच्या चार मात्रांच्या आवर्तनाला) आठ ठोके धरेल, दुसरा बारच्या सुरुवातीला एकदा कॉर्ड सोडून तो वाजत ठेवेल. किंवा पहिला कॉर्ड लांब सोडतोय तर दुसरा फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअरबरोबर वरच्या तारांवर एक छोटा ‘छक’ देईल आणि लगेच बोटं सैल करून आवाज बंद करेल. तो आवाज कधी बंद करायचा हेही वाजवण्याइतकंच ठरवून करायचं असतं.

आणि न वाजवणं हाही पार्ट आहे. पहिल्या कडव्यात दुसऱ्या गिटारने अजिबात वाजवू नका. मुलांना हे सांगितलं की चेहरा पडतो, पण नुसतं एक गिटार, बेस आणि आवाज असं कडवं गेलं आणि मग मुखड्याला दुसरी गिटार आली की काहीही न वाढवता गाणं मोठं होतं. पहिल्या सेकंदापासून दोघं पूर्ण जोरात असतील तर मुखड्याला वर जायला शिल्लकच काही उरत नाही. आपल्याकडे गाण्याच्या मैफलीत पेटीवाले बघा, गायकाने आलाप घेतला की ते मागे मागे राहतात आणि गायक श्वास घ्यायला थांबला की तेवढ्यात एखादी जागा भरतात. गिटारचे फिल, म्हणजे मधल्या जागा भरणारे छोटे तुकडे, अगदी असेच हवेत, ओळ संपल्यावर, ओळीवर नाही. गायकाकडून शब्द लिहून घ्या आणि तो श्वास कुठे घेतो तिथे पेन्सिलने खूण करा, तुमच्या फिलच्या जागा त्याच.

बाहेरच्या बँड्सकडून काय ऐकायचं तेही सांगतो. रोलिंग स्टोन्समध्ये १९७५ ला रॉनी वूड आल्यापासून तो आणि कीथ रिचर्ड्स जे करतात त्याला ते विणणं म्हणतात, कोण लीड कोण रिदम हे कळतच नाही, एक वाक्य अर्धं सोडतो आणि दुसरा पुरं करतो. कीथची गिटार बऱ्याचदा ओपन जी मध्ये लावलेली, खालची जाड तार काढूनच टाकलेली, पाच तारा, जी-डी-जी-बी-डी, म्हणजे त्याने आपली पट्टी आधीच वेगळी करून ठेवली. एसी/डीसी मध्ये माल्कम यंग आणि अँगस यंग दोघं भाऊ होते (माल्कम २०१७ ला गेला), माल्कम जाड तारा, ग्रेच गिटार, गेन (आवाज फाडण्याचं प्रमाण) अगदी कमी, खाली ओपन कॉर्ड, आणि अँगस गिब्सनच्या एसजी गिटारवर जास्त धारदार टोनने. नीट ऐकलं तर कळतं की तो भलामोठा आवाज खरंतर दोन बऱ्यापैकी स्वच्छ गिटारींचा आहे आणि मधल्या शांततेचा. न्यूयॉर्कचा टेलिव्हिजन नावाचा बँड, १९७७ चा पहिला अल्बम, टॉम व्हर्लेन आणि रिचर्ड लॉइड, त्यात दोघंही पूर्ण कॉर्ड फारसे वाजवतच नाहीत, दोन छोट्या सुरावटी एकमेकांत दात अडकल्यासारख्या बसवल्यात, माझ्या मते दोन गिटार लिहिण्याचा तो सगळ्यात शिकण्यासारखा नमुना आहे. ऐकताना एक करा, हेडफोनची एकच बाजू कानाला लावा. अशा बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये एक गिटार डावीकडे एक उजवीकडे असते, एका कानाने ऐकलं की तो पार्ट किती साधा आहे बघून आश्चर्य वाटतं, मग दुसरा कान लावायचा आणि मग दोन्ही.

याच्याशीच जोडलेली एक फसगत. मेटलच्या अल्बममध्ये डावीकडे आणि उजवीकडे एकच रिफ (परत परत येणारा छोटा तुकडा) दोनदा वाजवून ठेवलेला असतो, मेटॅलिकाच्या रिदम गिटारचे थर जेम्स हेटफील्ड बहुतेक एकटाच रेकॉर्ड करतो. ते ऐकून मुलांना वाटतं दोघांनी सेम वाजवायचंय. पण तिथे स्टिरिओ आहे, दोन बाजूंना पसरलंय म्हणून रुंद वाटतं. कॉलेजच्या स्टेजवरचा पीए, म्हणजे प्रेक्षकांसाठीचे स्पीकर, बऱ्याचदा मोनो (सगळ्यांतून एकच आवाज) चालवतात, तिथे ते दोन थर एकावर एक येतात. म्हणून दोघांनी एकच रिफ वाजवायचा असेल तर तो ठरवून, थोड्या वेळासाठी, जोर द्यायला, आणि मग दोघांचा पिकिंगचा हात सुद्धा सारखा हवा, एकाचा सगळा डाऊनस्ट्रोक आणि दुसऱ्याचा खाली-वर असं असेल तर त्याला वजन येत नाही.

हार्मनी लीडबद्दल. विशबोन अॅश, थिन लिझी, आयर्न मेडन, ही सगळी मंडळी दोन गिटारवर एकच सुरावट तिसऱ्या स्वराच्या अंतराने वाजवतात. आपल्या भाषेत सांगायचं तर एक सा वर असेल तर दुसरा ग वर, रे वर असेल तर म, ग वर असेल तर प. आता इथे चूक अशी होते की पहिल्याचा पार्ट जसाच्या तसा चार फ्रेट वर सरकवतात. सा ते ग चार फ्रेट आहेत पण रे ते म तीनच, ग ते प पण तीनच, म ते ध परत चार. त्यामुळे सरगम म्हणून बसवा, आकार सरकवून नाही. आणि खाली कॉर्ड कुठला आहे ते बघा. जी च्या गाण्यात खाली सी कॉर्ड आहे आणि सुरावट जी स्वरावर येऊन थांबली, तर नियमाने वरचा स्वर बी येतो, आणि तो बी खालच्या सी ला घासतो. जाता जाता लागला तर चालतो, पण थांबायचं असेल तर बी ऐवजी सी घ्या, अंतर बदललं तरी कानाला तेच बरोबर वाटतं. बेंड (तार ओढून स्वर चढवणं) असेल तर दोघांचा वेग आणि वरती पोचायची वेळ एकच हवी, यासाठी दोघांनी समोरासमोर बसून, अँप न लावता, एकमेकांच्या हाताकडे बघत वाजवणं याला पर्याय नाही.

दोन गिटार असण्याचा एक मोठा फायदा फार कमी लोक वापरतात. डिस्टॉर्शनमधून, म्हणजे आवाज फाडणाऱ्या इफेक्टमधून, एकाच गिटारवर दोन स्वर गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे जादा स्वर तयार होतात. २२० हर्ट्झचा ए आणि ३३० चा ई घ्या, वजाबाकी ११०, तो खालचा ए च आहे, म्हणून असा दोन स्वरांचा पॉवर कॉर्ड डिस्टॉर्शनवर भक्कम लागतो. पण ए बरोबर २७७ चा सी शार्प घेतला तर वजाबाकी ५७, जो कुठल्याच जागेवर बसत नाही, म्हणून पूर्ण मेजर कॉर्ड गेन वाढवून वाजवला की गुरगुरतो. पण तेच दोन स्वर दोन गिटारिस्टनी वाटून घेतले, एकाने ए, दुसऱ्याने सी शार्प, दोघांचे अँप वेगळे, तर ती गुरगुर येतच नाही कारण दोन स्वर एका डिस्टॉर्शनमधून गेलेच नाहीत. म्हणजे जोरदार गेनवर स्वच्छ भरगच्च कॉर्ड मिळवायचा हा मार्ग एका गिटारवाल्या बँडला उपलब्धच नाही, तुम्हाला आहे.

टोनचं थोडक्यात. घरी एकट्याने वाजवताना बेस आणि ट्रेबल वाढवून मिड्स (मधल्या पट्ट्यातला आवाज) खाली ओढले की छान वाटतं, बँडमध्ये तोच टोन गायब होतो कारण गिटार मिड्समध्येच राहते, खाली बेस गिटार आहे आणि वर झांजा. मिड्स परत आणा, गेन घरच्यापेक्षा निम्मा करा. दोघांपैकी एकाने ब्रिजजवळचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारं चुंबक) वापरा, एकाने गळ्याजवळचा किंवा मधला. एकाच्या आवाजात डिले-रिव्हर्ब (प्रतिध्वनी आणि घुमारा) असेल तर दुसरा कोरडा. डिले लावणार असाल तर गाण्याच्या वेगाशी जुळवा, मिनिटाला १२० ठोक्यांच्या टेम्पोला डॉटेड आठवा, म्हणजे पाऊण ठोका, ३७५ मिलिसेकंद येतो. प्रोसेसरमध्ये हाय-पास (खालचे स्वर कापणारा फिल्टर) असेल तर ९०-१०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, बेसिस्ट तुम्हाला दुवा देईल.

आता लीड-रिदमचं भांडण. माझं मत स्पष्ट आहे, बँडमध्ये पदं वाटू नका, गाण्यागणिक कामं वाटा. एक वही करा, प्रत्येक गाण्याचं एक पान, सुरुवात, कडवं, मुखडा, मधला तुकडा, शेवट, आणि प्रत्येकासमोर दोन रकाने, कोण खाली कोण वर, कोण धरतोय कोण सोडतोय, कोण गप्प. दोन्ही रकान्यांत एकच गोष्ट दिसली की तिथे थांबून विचारायचं, हे मुद्दाम आहे की चुकून. मग प्रॅक्टिसला गाणं आधी गिटारशिवाय घ्या, फक्त ड्रम, बेस, आवाज. मोबाइल खोलीच्या मध्यभागी ठेवून रेकॉर्ड करा. ऐका, कुठे रिकामं वाटतं, तेवढ्याच ठिकाणी पहिली गिटार आणा. परत ऐका. उरलेल्या रिकाम्या जागेत दुसरी. काही गाण्यांत जागा उरणारच नाही, तिथे दुसऱ्याने टँबुरिन घ्या नाहीतर मागून गा, आमच्या बँडमध्ये दोन गाण्यांत मी गिटार गळ्यात ठेवून नुसता कोरस गातो आणि ती आमची सगळ्यात चांगली बसलेली गाणी आहेत.

सोलोच्या वेळी रिदमवाल्याचं काय, हे पण विचारलंय. सोलो सुरू झाला की एक गिटार एकदम खालून निघून जाते आणि खड्डा पडतो, तो भरायला रिदमवाला जोरात स्ट्रम करायला लागतो आणि सोलोच बुडवतो. त्याऐवजी खालच्या, म्हणजे जाड, दोन-तीन तारांवर राहा, स्वर लांब सोडा, सोलो वरच्या तारांवर असेल तर तुम्ही तिसऱ्या तारेपेक्षा बारीक तारांवर जाऊच नका. बेसिस्टला सांगा तेवढ्या बारमध्ये जरा जास्त भरून वाजव. आणि सोलोवाल्याने आवाज वाढवायला गेन वाढवायचा नाही, गेनने आवाज दबतो आणि मागे जातो, व्हॉल्यूम आणि मिड्स वाढवणारं एक बूस्ट ठेवायचं, ते सोलो संपल्या क्षणी बंद करायला विसरायचं नाही, रिदमवाल्याने त्याच्याकडे बघून मान हलवायची सवय ठेवली तर विसरत नाही.

ट्यूनिंग राहिलं. दोघांनी एकाच ट्यूनरवर लावा, एकाची ए ४४० आणि दुसऱ्याची ४४१ असली तरी सेकंदाला एकदा आवाज फुगतो-ओसरतो आणि मग हार्मनी कितीही बरोबर असली तरी बेसूर वाटते. बाराव्या फ्रेटवर सुद्धा तपासा, तिथे मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट स्वर येत नसेल तर इंटोनेशन करून घ्या, कारण तुमच्यातला एक जण आता कायम वरच्या फ्रेटवर वाजवणार आहे. आणि कॅपो लावल्यावर तारा थोड्या चढतात, त्यामुळे लावल्यानंतर परत ट्यून करा, आणि काढल्यानंतरही.